दिवसभर मुलांशीच बोलणाऱ्या आयांसाठी: डॅलसमधून चार गोष्टी

नवीन आलेल्या दोघी-तिघींनी मला हेच विचारलं: मुलांना घरीच शिकवतेस, मग मोठ्या माणसांशी बोलतेस कधी? माझं उत्तर: टोस्टमास्टर्समध्ये, म्हणजे लोकांसमोर बोलायचा सराव करायच्या क्लबात.

आधी कायद्याचं उरकते. टेक्सासात घरशाळा ही खासगी शाळाच मानतात. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये लीपर खटल्यात तसा निकाल दिला. नोंदणी नाही, सरकारी परीक्षा नाही. वाचन, स्पेलिंग, व्याकरण, गणित आणि नागरिकशास्त्र मनापासून शिकवायचं. मूल सरकारी शाळेत जात असेल, तर नाव काढत असल्याचं पत्र द्या आणि त्याची प्रत जपून ठेवा.

खरी अडचण आपल्या जिभेची. दोन वर्षांत माझं इंग्रजी ‘पेन्सिल कुठे ठेवलीस’पुरतं उरलं होतं. बँकेतल्या बाईला मी चेकचा घोळ अपूर्णांक शिकवावेत तसा समजावून सांगितला, तेव्हा तीच गालात हसली. त्याच आठवड्यात टोस्टमास्टर्सचा क्लब शोधला.

१९२४ मध्ये राल्फ स्मेडली यांनी कॅलिफोर्नियात सांता आनाच्या वायएमसीएमध्ये सुरू केलेली ही संस्था. पाहुणे म्हणून सभेला फुकट बसता येतं, त्यामुळे पहिल्याच दिवशी पैसे भरू नका. मी गेले त्या पहिल्या क्लबात सगळे एकाच कंपनीचे, त्यांचे विनोदही ऑफिसचे. दुसऱ्यात रमले.

पहिलं भाषण ‘आइस ब्रेकर’, स्वतःबद्दल, ४ ते ६ मिनिटं. वेळ कळावी म्हणून चौथ्या मिनिटाला हिरवा दिवा, पाचव्याला पिवळा, सहाव्याला लाल. आपण शाळेत ‘अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग’ पाठ करून ढाल जिंकलेली माणसं, म्हणून मीही अख्खं पाठ करून गेले. एक शब्द अडला आणि हिरवा लागायच्या आतच पुढचं सगळं पुसलं गेलं. चार ओळींचे मुद्दे नेले असते तर निभावलं असतं.

त्याहून कठीण ‘टेबल टॉपिक्स’. विषय तिथेच कळतो, बोलायचं एक ते दोन मिनिटं. मला विचारलं, कोणतं अवजार नसलं तर तुमचं घर चालणार नाही? मी म्हटलं, सांडशी. मग सांडशी म्हणजे काय हे हातवारे करून दाखवण्यातच लाल दिवा लागला, पण खोली हसली. माझ्या मते नव्या माणसाने इथूनच सुरुवात करावी. पाठांतराला वावच नाही.

‘अं’ आणि ‘सो’ मोजायलाही एक माणूस नेमलेला असतो. माझे पहिल्या दिवशी १९ भरले. उच्चारांची मात्र काळजी करू नका, ‘व’चे दोन प्रकार मला अजून जमत नाहीत आणि कुणाचं काही अडलेलं नाही.

सभासद व्हायला १८ वर्षं पूर्ण लागतात. मुलांना पाहुणे म्हणून चालेल का, हे क्लबला आधी विचारा. माझी लेक दोनदा मागे बसून आली आणि घरी मोजणारी तीच झाली. मी ‘म्हणजे’ म्हटलं की वाटीत एक राजमा पडतो. काल अकरा पडले, त्यातले तीन तिच्या बाबांचे.