लिनक्स लॅपटॉप आणि मोबाइलमध्ये फाइल पाठवताना माझे चार दिवस कुठे गेले

केडीई कनेक्ट, म्हणजे लॅपटॉप-मोबाइल वायफायवरून जोडून फाइल पाठवायचं अ‍ॅप, दोन्हीकडे टाकलं, वायफाय तेच, तरी लॅपटॉप आणि मोबाइल एकमेकांना ओळखच दाखवेनात. मी तेव्हा पीजीत राहायचो, लिनक्स मिंट टाकून जेमतेम महिना झालेला, केबल हरवलेली आणि प्रोजेक्टचे फोटो मोबाइलमध्ये अडकलेले.

पहिला संशय फायरवॉलवर (बाहेरून येणारी जोडणी अडवणारा लॅपटॉपमधला पहारेकरी) घ्या, बऱ्याच जणांचं तिथेच अडतं. केडीई कनेक्टला १७१४ ते १७६४ हे पोर्ट (लॅपटॉपची नंबर दिलेली दारं) लागतात, टीसीपी आणि यूडीपी (डेटा पाठवायच्या दोन पद्धती) दोन्ही, नुसतं टीसीपी उघडून बसू नका, कारण एकमेकांना शोधायचं काम यूडीपीवर होतं. यूएफडब्ल्यूमध्ये (मिंटमधली फायरवॉल) दोन ओळी टाकल्या की झालं. मी मात्र कुठल्यातरी व्हिडिओतल्या भाऊचं ऐकून अख्खी फायरवॉलच बंद केली. काम तर झालं नाहीच, वर ती आठवडाभर तशीच बंद राहिली. सीनियरला विचारलं तर म्हणाला "विंडोज टाक". असा गुरू नसलेला बरा.

खरी गोची राउटरमध्ये होती. पीजी, हॉस्टेल, कॉलेज, अशा ठिकाणी बऱ्याचदा क्लायंट आयसोलेशन चालू असतं, काही राउटरवर त्याला एपी आयसोलेशन म्हणतात. म्हणजे प्रत्येकाला इंटरनेट मिळतं पण शेजारच्या डिव्हाइसशी बोलता येत नाही. एकाच वाड्यात राहायचं पण मधली दारं बंद, तसं. वायफायचं नाव तेच दिसतं म्हणून आपण निवांत, आणि दोष देत बसतो अ‍ॅपला! मी तीनदा रीइन्स्टॉल केलं. तपासायचं कसं तर टर्मिनलमधून आधी राउटरला पिंग करा (हाक मारून उत्तर येतं का बघायची कमांड), मग मोबाइलच्या आयपीला (नेटवर्कवरचा त्याचा पत्ता, तो वायफायच्या सेटिंगमध्ये दिसतो). राउटर उत्तर देतोय आणि मोबाइल गप्प, तर बहुतेक हेच. पण त्याआधी मोबाइलवरचं व्हीपीएन बंद आहे ना बघा, आणि स्क्रीन चालू ठेवा.

घाबरू नका, उपाय सोपाय. मोबाइलचा हॉटस्पॉट चालू करून लॅपटॉप त्याला जोडायचा. फाइल दोघांतल्या दोघांतच जाते, त्यासाठी डेटा पॅक खर्च होत नाही, लॅपटॉप मागून अपडेट ओढू नये म्हणून मोबाइल डेटा बंदच ठेवा. तरी दिसलं नाही तर अ‍ॅपमध्ये आयपी हाताने टाकायची सोय आहे.

नुसत्या फाइल्सच पाठवायच्या असतील तर लोकलसेंड हे अ‍ॅप पुरे, त्याचा पोर्ट ५३३१७. आणि पायथनचा एका ओळीचा एचटीटीपी सर्व्हर मला फार आवडतो, मोबाइलच्या ब्राउझरमध्ये लॅपटॉपचा आयपी आणि ८००० पोर्ट टाकला की फोल्डर समोर. पण त्याला पासवर्ड नसतो, नेटवर्कवरचा कोणीही बघू शकतो, तेव्हा होम फोल्डरमधून चालवू नका रे, वेगळं फोल्डर करा.

पीजीच्या काकांना मी ती सेटिंग बंद करा म्हणालो होतो. "नेट चालतंय ना? मग हात लावायचा नाही." मी खोलीत येऊन हॉटस्पॉट चालू केला.