योरुबा घरातली गोष्ट मुकी होऊ देऊ नका : या चुका टाळा

"आलॉ ओ!" अशी हाक आजीने दिली की पोरांनी "आलॉऽ!" म्हणून ओ द्यायची, मगच गोष्ट सुरू होते. नैर्ऋत्य नायजेरियातल्या योरुबा घरांची ही रीत आपल्या हुंकारासारखीच. आता लागोसच्या फ्लॅटमध्ये गोष्ट होते ती झोपण्यापूर्वी, घाईत, आणि ओ द्यायचं राहून जातं. मग तक्रार येते, "पोराला योरुबा कळते, पण बोलत नाही." गोष्टीत त्याच्या वाट्याला एक शब्दही ठेवला नाही, तर ते बोलणार कधी?

सगळ्यात महागात पडतं ते गाणं गाळणं. इजापा कासवाच्या गोष्टीत मध्येच गाणं येतं. सांगणारा ओळ म्हणतो, मुलं धृपद धरतात. योरुबा ही सुरांची भाषा आहे : खालचा, मधला, वरचा असे तीन सूर. 'ऑकॉ'मधलं दुसरं अक्षर मधल्या सुरात ठेवलं तर नवरा, वर नेलं तर कुदळ, खाली आणलं तर गाडी किंवा होडी! हे मुलाला समजावून सांगू नका. धृपद दहादा म्हणू द्या, कान आपोआप तयार होतो.

सूर चुकला म्हणून गोष्ट अडवूनही धरू नका. मुलाने इंग्रजीत उत्तर दिलं, तर तेच योरुबात म्हणा आणि पुढे चला. टोकलेलं मूल गप्प बसतं.

घरात योरुबा बोललो तर इंग्रजी कच्चं राहील, ही भीती तर सोडूनच द्या. १९७० मध्ये नायजेरियातल्या इफे शहरात शिक्षणतज्ज्ञ बाब्स फाफुन्वा यांच्या पुढाकाराने प्राथमिकची सहाही वर्षं योरुबातून शिकवण्याचा प्रयोग सुरू झाला. ती मुलं इतर विषयांत पुढे राहिलीच, इंग्रजीतही मागे पडली नाहीत.

आणि कोड्यांवरून उडी मारू नका. गोष्टीआधी कोडी घालायची जुनी पद्धत आहे, नुसतं ऐकणाऱ्या मुलाला तीच बोलतं करतात. माझं आवडतं कोडं हे : समुद्र खदखदतोय, खाडी खदखदतेय, वांड पोर त्यातच डोकं खुपसतंय. ओळखा कोण? मूल अडलं तर उत्तर सांगू नका. याम या कंदाच्या पिठाचा आमाला रटरटत असताना त्याला चुलीपाशी बोलवा. घोटायचा लाकडी दांडा पातेल्यात शिरला की तेच ओरडेल, "ऑमॉरोगून!"