रेडिएटर उतरवण्याआधी

जुनी फियाट कात्रजच्या घाटात उकळली की सगळे एकमुखाने रेडिएटरला दोषी ठरवतात. तो बिचारा पुष्कळदा निर्दोष असतो. म्हणून पाना हातात घेण्याआधी स्वस्तातली कारणं संपवा. फॅन बेल्ट सैल आहे का ते अंगठ्याने दाबून बघा, वॉटर बॉडीचा, म्हणजे पाण्याच्या पंपाचा, पंखा हाताने हलवून बघा, थर्मोस्टॅट (पाणी तापलं की उघडणारी झडप) काढून पातेल्यात पाण्याबरोबर तापवा आणि उघडतो का ते पाहा. थंड इंजिन रेडिएटरचं झाकण काढून सुरू केल्यावर पाण्यात बुडबुडे येतच राहिले, तर दुखणं हेड गॅस्केटचं आहे, रेडिएटरवाल्याकडे जाऊन उपयोग नाही. हे सगळं ठीक निघालं, की गाडी तापवून बंद करा, पंखा थांबू द्या आणि रेडिएटरच्या नळ्यांच्या जाळीवरून सांभाळून हात फिरवा. मध्येच गार पट्टे लागले तर तिथल्या नळ्या क्षाराने बुजल्या आहेत.

आता मापं. ही गाडीवरच घ्यायची, रेडिएटर उतरवल्यावर नाही, कारण पंख्याची पाती आणि जाळी यांच्यातलं अंतर नंतर कळत नाही. जाळीची उंची, रुंदी, जाडी, वरच्या-खालच्या होजच्या तोंडांचा बाहेरचा व्यास आणि त्यांचा कोन, बोल्टच्या भोकांमधलं अंतर. उतरवल्यावर खाकी कागदावर ठेवून पेन्सिलीने खाका काढा. झाकणाच्या गळ्याची खोली व्हर्नियरने मोजा. हे माप सगळे विसरतात, मग नवं झाकण बसतं पण आतली स्प्रिंग गळ्याच्या तळाला टेकतच नाही.

फोटो काढा, आणि रेडिएटरच्या वरच्या-खालच्या दोन्ही टाक्यांवर आतल्या बाजूला खिळ्याने स्वतःची खूण करा. मी ती केली नव्हती. एका ठिकाणी रेडिएटर टाकला, आठ दिवसांनी चकचकीत काळा रंग मारलेला परत मिळाला आणि घरी येऊन बघतो तर वरची टाकी माझी नाहीच. होजचं तोंड दोन बोटं डावीकडे. तेव्हापासून एकच सांगतो: जाळी आज नवी करून मिळते, तुमच्या मॉडेलची पितळी टाकी मिळत नाही. ‘जुना द्या, तयार घेऊन जा’ या सौद्याला हो म्हणू नका.

तयार शोधायचाच असेल तर पुण्यात नाना पेठेतली पार्टची दुकानं आणि बुधवार-रविवारचा जुना बाजार पालथा घाला. बरोबर खाका, व्हर्नियर, जुनं झाकण आणि टॉर्च हवा. कोपऱ्यात रंग खरवडून बघा, खाली पिवळं दिसलं तर पितळ. टाकी चांगली आणि जाळी सडकी असलेला नगसुद्धा घेऊन ठेवा. त्याच्या उलट असला, तर सोडा.

दुरुस्तीला देताना ‘जाळी बदला’ एवढंच म्हणून भागत नाही. नळ्यांच्या किती लाइन, एका इंचात किती फिन्स (नळ्यांमधल्या पातळ पट्ट्या), हे मोजून कागदावर लिहून द्या. ‘साहेब, एक लाइन वाढवून देतो’ या प्रेमळ आग्रहाला लगेच भुलू नका. जाळी जाड झाली की हवा कमी जाते आणि पंखा टेकायला येतो. गाडी दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची, ऑस्टिन सेव्हनसारखी असेल, तर आणखी जपा. तिच्यात पंपच नसतो. गरम पाणी आपोआप वर चढतं, गार खाली उतरतं, तेवढ्यावर सगळं चालतं. बारीक नळ्यांची जाळी हे फिरणंच अडवते.

टाकीला पोचा असेल तर तो डाग द्यायच्या, म्हणजे सांधे झाळायच्या, आधी काढून घ्या. तांबट आळीत रेडिएटर करत नाहीत, पण पितळ तापवून मऊ कसं करायचं हे तिथे विचारलं तर चार शहाणपणाच्या गोष्टी कळतात. नाहीतर घाईत ठोकलेलं पितळ तडकतं.

ताब्यात घेताना समोर हौदात बुडवून हवा भरायला लावा, पण झाकणावरच्या दाबाच्या आकड्याहून किंचितच जास्त. झाकणही मूळच्याच दाबाचं. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच, त्यामुळे इथे उघडं पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. झाकणाच्या दाबाच्या दर पौंडामागे त्यात दीड-एक अंशाची भर पडते. सात पौंडांचं झाकण त्यासाठीच असतं. त्या जागी हल्लीच्या गाडीचं पंधरा पौंडांचं लावलंत, तर घाटात डागच सुटतील.

बसवताना खालचे रबरी बुश, दोन्ही होज आणि क्लॅम्प नवे घ्या. रंग पातळच, जाड थराने उष्णता अडते. आधी इंजिनातला गाळ उलट्या दिशेने पाणी सोडून काढा, नाहीतर तोच नव्या नळ्यांत जाऊन बसेल. बोअरचं पाणी नको. डिस्टिल्ड पाणी आणि जुन्या पद्धतीचं, तांबं-पितळेला चालणारं कुलंट.

पहिली फेरी दिवे घाटाची करा. डिकीत पाच लिटरचा कॅन, जुना टॉवेल, एक होज, दोन क्लॅम्प. वर पोचल्यावर झाकणाला हात लावायचा नाही. पातळी दुसऱ्या दिवशी सकाळी बघा आणि गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेवा, ओला डाग कुठे पडला ते त्यावर दिसेल.