विद्यापीठाचे अभियंते रानात येण्याआधी

राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चारही कृषी विद्यापीठांत कृषी अभियांत्रिकीचे जाणकार आहेत. ठिबकचा आराखडा त्यांच्याकडून करून घ्यायचा, तर ते तो तुमच्या आकड्यांवरच बेततात. तेवढे आकडे आधीच काढून ठेवा.

सातबारा आणि गटाचा नकाशा हाताशी असू द्या. कोऱ्या कागदावर विहीर, नाला, विजेचा खांब आणि उतार कुठल्या अंगाला आहे ते काढा. हात वळला नाही तरी चालेल.

खरं काम पाण्याचं. ‘पाच एचपीची मोटार आहे’ एवढ्यावर भागत नाही. दोनशे लिटरचा ड्रम पाइपाखाली धरा आणि तो किती सेकंदांत भरतो ते बघा. ४० सेकंदांत भरला तर तासाला १८,००० लिटर पाणी झालं, म्हणजे ताशी ४ लिटरचे फार तर ४,५०० ड्रिपर एका वेळी चालतील. हे मोजमाप उन्हाळ्यातलंच हवं. भर पावसाळ्यातल्या तुडुंब विहिरीवर आखलेलं ठिबक एप्रिलमध्ये शेवटच्या ओळी कोरड्या ठेवतं. मोटार किती तास चालली की विहिरीतलं पाणी संपतं आणि विहीर पुन्हा भरायला किती वेळ घेते, तेही लिहून ठेवा.

पाण्याचा नमुना घेताना मोटार पंधरा-वीस मिनिटं चालू द्या, त्याच पाण्यानं बाटली तीनदा विसळा, तोंडापर्यंत भरा आणि त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवा. क्षार आणि लोह किती, यावर फिल्टर अन् आम्लप्रक्रिया (नळ्यांत साचलेले क्षार आम्लानं धुऊन काढणं) ठरते.

मातीसाठी नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल खड्डे घ्या. बांध, झाडाची सावली, उकिरडा टाळा. सगळी माती कालवून सावलीत वाळवा आणि अर्धा किलो स्वच्छ कापडी पिशवीत भरा; खताच्या गोणीत अजिबात नको.

त्याच विहिरीचं पाणी घरात पीत असाल तर नायट्रेटची तपासणी नक्की मागा, उकिरडा किंवा गोठा वरच्या अंगाला असेल तर आधी मागा. नायट्रेट रंगाला, चवीला कळत नाही आणि पाणी उकळूनही जात नाही; तान्ह्या बाळाला ते फार बाधतं.

आणि अभियंते येतील त्या दिवशी रोज पाणी देणाऱ्या माणसाला दुसऱ्या कामाला धाडू नका. कुठला व्हॉल्व्ह गळतो, कुठल्या कोपऱ्यात पाणी साचतं, हे त्यालाच ठाऊक असतं.