उजेड कमी आहे की चुकीच्या बाजूने येतोय?

पहिली तीन वर्षं मी सगळ्यांना ऐटीत सांगायचो, ‘आपण फक्त नैसर्गिक उजेडात फोटो काढतो.’ खरं कारण वेगळंच होतं. फ्लॅशच्या पाठीवरचे आकडे मला कळत नव्हते आणि कुणाला विचारायची लाज वाटायची. अज्ञानाला तत्त्वाचं नाव दिलं की बरं दिसतं.

ते सोंग एका निरोपसमारंभात उघडं पडलं. हॉलच्या एका बाजूला उंच खिडक्या होत्या. कार्यक्रम चारचा, म्हणून आदल्या दिवशी बरोबर चारला जाऊन उजेड पाहून आलो होतो. प्रत्यक्षात सुरुवातच साडेपाचनंतर झाली, भाषणं लांबली आणि मानपत्र द्यायची वेळ आली तेव्हा बाहेर काळोख. छताला चार ट्यूबलाइट, बस्स. माझी कॅमेऱ्यासोबत आलेली किट लेन्स एफ ५.६च्या पुढे उघडेना (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड मोठं). आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची क्षमता, ६४००वर नेला तरी शटर १/३० सेकंदाचाच मिळत होता. मानपत्र घेणाऱ्या बाईंचा चेहरा जेमतेम जमला, हात मात्र धुरासारखे विरून गेले.

घरी येऊन निष्कर्ष काढला: उजेड कमी पडला. पुढच्या वेळी एफ १.८ची लेन्स मागून आणली. फोटो हलायचे थांबले, पण लोक तरीही थकलेले, आजारी दिसत होते. का ते बऱ्याच महिन्यांनी कळलं. ट्यूब डोक्यावर असल्यामुळे प्रत्येकाच्या डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे पडले होते आणि नाकाची सावली ओठांवर उतरली होती. तो दोष पहिल्या कार्यक्रमातही होता. मी हललेल्या हातांकडे पाहत बसलो, म्हणून दिसला नाही.

नवीन शिकणाऱ्यांना म्हणून मी आता एकच प्रश्न विचारायला सांगतो: इथे उजेड कमी आहे, की चुकीच्या बाजूने येतोय? कमी असेल तर उपाय पुष्कळ आहेत. लेन्स उघडा, आयएसओ वाढवा, माणूस स्थिर असेल तर ट्रायपॉड लावून शटर मंद करा. आजचे कॅमेरे आयएसओ ३२००लासुद्धा कुरकुरत नाहीत. पण आयएसओ कितीही वाढवला तरी डोक्यावरची ट्यूब समोर येत नाही. बाजू चुकली असेल तर आधी माणसाला हलवा, नाहीतर स्वतः हला. दोन्ही शक्य नसेल तेव्हा फ्लॅश.

हा शहाणपणा मला लगेच सुचला असं मात्र नाही. त्याआधी मी दुसऱ्या टोकाला गेलो. फ्लॅश विकत घेतला, कॅमेऱ्यावर चढवला आणि दिसेल त्याच्या तोंडावर मारत सुटलो. चेहरे पीठ फासल्यासारखे, मागच्या भिंतीवर कडक काळी सावली, त्यामागचा सगळा हॉल अंधारात गडप. जणू सगळे समारंभ मध्यरात्री गुहेत झाले होते. तेव्हा मी ज्यांच्याकडे मदतनीस म्हणून जायचो, त्या सरांनी माझ्या कॅमेऱ्यातले आकडे पाहिले. शटर १/२००, एफ ८, आयएसओ १००. म्हणाले, “अरे, तू एका फ्रेममध्ये दोन फोटो काढतोयस. एक फ्लॅशचा, एक खोलीचा. खोलीचा काढायलाच विसरलास.”

सगळी मेख त्या वाक्यात आहे. लहान फ्लॅशचा झगमगाट साधारण १/१००० सेकंदात किंवा त्याहून लवकर संपतो. शटर त्यानंतर कितीही वेळ उघडा राहिला तरी फ्लॅशच्या उजेडात भर पडत नाही. खोलीतल्या उजेडात मात्र पडत राहते. ॲपर्चर (लेन्सच्या तोंडाचा आकार, एफचा आकडा) आणि आयएसओ दोघांवरही चालतात, शटर फक्त खोलीवर.

वाचून हे डोक्यात बसत नाही, करून बघावं लागतं. संध्याकाळी दिवा लावलेल्या खोलीत कुणाला तरी खुर्चीवर बसवा. फ्लॅश मॅन्युअलवर १/८ ताकदीला ठेवा आणि तोंड पांढऱ्या छताकडे वळवा. एफ ४, आयएसओ ८००. चेहरा नीट येईपर्यंत फक्त फ्लॅशची ताकद थोडी कमीजास्त करा आणि मग तिला हात लावू नका. आता तीन फोटो काढा: शटर १/२००, १/६० आणि १/१५. पहिल्यात माणूस व्यवस्थित, पण मागचा दिवा विझल्यासारखा. दुसऱ्यात मागचं कपाट, पडदा, दिव्याभोवतीची पिवळी झळाळी हळूच वर येते. तिसऱ्यात खोली डोळ्यांना दिसते तशी होते, चेहऱ्यावरही तिचा थोडा उजेड चढतो आणि माणूस हलला असेल तर कडेला पुसट छाया उमटते. मी बहुतेक वेळा १/६०च्या आसपास थांबतो. हे तीन फोटो शेजारी शेजारी ठेवून पाहिले तेव्हा माझी फ्लॅशची भीती गेली.

शटर दुसऱ्या बाजूला फार नेला तरी फसगत होते. एकदा साध्या मॅन्युअल फ्लॅशवर १/५०० ठेवला, तर अर्धी फ्रेम काळी. मला वाटलं कॅमेरा गेला! शटरला दोन पडदे असतात. एक उघडत जातो, दुसरा मागून मिटत येतो. बहुतेक कॅमेऱ्यांत साधारण १/२०० किंवा १/२५०पर्यंतच पूर्ण सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारा भाग, एका क्षणी उघडा असतो. त्याहून वेगात नुसती फट सरकते आणि फ्लॅश पडतो तो त्या फटीपुरताच. यावर हायस्पीड सिंक (फट सरकत असताना फ्लॅश सतत झगमगत ठेवणं) हा उपाय आहे, पण त्यात फ्लॅशची ताकद बरीच खर्ची पडते.

आता खिडकीकडे येतो, कारण फ्लॅश कसा वापरायचा हे मी शेवटी खिडकीकडूनच शिकलो.

उजेड मऊ की कडक, हे तो किती मोठ्या जागेतून येतो यावर ठरतं. तेही विषयाच्या मानाने किती मोठ्या. सूर्य प्रचंड आहे, पण आपल्याला तो आकाशात जेमतेम अर्धा अंश दिसतो, म्हणून उन्हाच्या सावलीला धार असते. ढग आला की सगळं आभाळच दिवा होतं आणि सावली विरघळते. खिडकीशी कुणाला हातभर अंतरावर बसवलं तर खिडकी त्याच्यासाठी भिंतीएवढी. त्यालाच खोलीच्या पार कोपऱ्यात नेलं तर तीच खिडकी टीचभर. छताकडे वळवलेला फ्लॅशही हेच करतो: हाताच्या पंजाएवढ्या दिव्याचं चौरस मीटरभर छत होतं. छत पांढरं हवं, एवढंच. मी एकदा हिरव्या भिंतीवरून उजेड परतवला होता. अख्खं कुटुंब काविळीतून उठल्यासारखं दिसत होतं आणि तो रंग नंतर काही केल्या निघाला नाही.

दुसरी गोष्ट अंतराची. छोट्या दिव्यापासून अंतर दुप्पट केलं की उजेड चतकोर उरतो, म्हणजे दोन स्टॉप कमी (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). पहिली रांग फ्लॅशपासून एक मीटरवर आणि मागची दोन मीटरवर असेल तर पुढचे भाजून निघतात, मागचे अंधारात. फ्लॅश पहिल्या रांगेपासून चार मीटरवर न्या. रांगांमधलं अंतर तेवढंच राहतं, पण चारला पाच हे प्रमाण एकाला दोनपेक्षा पुष्कळ सौम्य असतं. खिडकीपाशी उभ्या केलेल्या घोळक्यातही एका टोकाचा माणूस उजळ आणि दुसरा काळवंडलेला येतो, त्यामागेही हीच रड. मोठ्या खिडकीजवळ हिशोब इतका काटेकोर चालत नाही, पण कल तोच. एकट्याचा फोटो असेल तर अंधाऱ्या गालाच्या बाजूला थर्माकोलचा पांढरा तुकडा धरा. मी अजूनही फ्लॅशच्या आधी तो बाहेर काढतो.

फ्लॅश रात्रीसाठी असतो, असं सगळे धरून चालतात. माझा सर्वांत जास्त वापरला जातो तो भर दुपारी. कडक उन्हात आयएसओ १००ला एफ १६ आणि शटर १/१०० हा जुना ठोकताळा. सूर्य डोक्यावर, म्हणजे पुन्हा तेच डोळ्यांचे खड्डे. सावलीची जागा जवळ असेल तर मी माणसाला तिकडेच नेतो. नसेल तर त्याची पाठ सूर्याकडे करतो आणि चेहऱ्यावर हलका फ्लॅश मारतो, दीड-दोन स्टॉप कमी ठेवून. बघणाऱ्याला फ्लॅश दिसता कामा नये, नुसते डोळे दिसावेत. इथे गाइड नंबर समजून घ्या, कारण उन्हापुढे लहान फ्लॅशची दमछाक होते. गाइड नंबर म्हणजे आयएसओ १००ला अंतर गुणिले एफ क्रमांक. मीटरमध्ये ३६ गाइड नंबर असलेला फ्लॅश एफ ११ला पूर्ण ताकदीने सरळ मारला तर साधारण सव्वातीन मीटरपर्यंत फोटोला पुरेसा पूर्ण उजेड देतो. भरीचाच उजेड हवा असेल तर आणखी थोडं लांबून चालतं. वर सॉफ्टबॉक्स (उजेड पसरवणारी कापडी पेटी) लावला तर मात्र बरंच जवळ जावं लागतं.

रंगाचं भांडणही आधीच माहीत असू द्या. फ्लॅशचा उजेड दुपारच्या उन्हासारखा, ५५०० केल्विनच्या जवळपास (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा लहान तितका उजेड पिवळा). घरातला पिवळा दिवा २७०० ते ३०००. दोन्ही एकत्र आले की माणूस पांढरा आणि मागची खोली भगवी. फ्लॅशवर नारिंगी जेल (रंगीत पारदर्शक तुकडा) लावा आणि व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्याने कोणत्या उजेडाला पांढरं धरायचं ती सेटिंग, दिव्याच्या बाजूला आणा, मिटतं.

काही ठिकाणी फ्लॅश काढायचाच नाही. रंगमंचावर प्रयोग चालू असताना नाही. तिथे कुणीतरी डोकं लावून प्रकाशयोजना केलेली असते आणि तुमचा एक फ्लॅश ती पुसून टाकतो. धुकं किंवा धूर असेल तिथे नाही, समोर पांढरा पडदाच उभा राहतो. काचेच्या पेटीतल्या वस्तूंवर समोरून नाही. आणि कवडसा हाच फोटोचा विषय असेल तर अजिबात नाही.

पण ‘फ्लॅश म्हणजे खोटेपणा’ हे ऐकलं की मला जेकब रीस आठवतो. १८८७ साली जर्मनीत फ्लॅशची मॅग्नेशियमयुक्त पूड निघाली आणि लगेचच या वार्ताहराने ती न्यूयॉर्कच्या झोपडवस्त्यांत नेली. बिनखिडक्यांच्या कोंदट खोल्यांत माणसं कशी दाटीवाटीने झोपतात, ते त्या भडक, ओबडधोबड उजेडामुळे बाहेरच्यांना पाहता आलं. तिथे नैसर्गिक उजेडाची वाट पाहायला खिडकीच नव्हती.

फ्लॅश घ्यायचाच तर डोकं वर आणि बाजूला फिरणारा, मॅन्युअल ताकद बदलता येणारा घ्या. बाकीच्या सोयींवाचून माझं अडलेलं नाही. सेल रिचार्ज होणारे घ्या, ते फ्लॅश लवकर भरतात. पूर्ण ताकदीने मारल्यावर पुन्हा भरायला काही सेकंद जातात आणि नेमका त्याच सेकंदांत कुणीतरी हसतं, म्हणून मी शक्यतो १/४च्या वर जात नाही. आणि काम संपलं की सेल बाहेर काढून ठेवा. माझा पहिला फ्लॅश पडून फुटला नाही. सहा महिने पिशवीत राहिला, साधे सेल आतच गळले आणि झाकण उघडलं तेव्हा स्प्रिंगांवर हिरवट-पांढरा थर चढला होता.