मुलाचं पुस्तक, आजीचं इंग्रजी

अमेरिकेत नव्यानं आलेल्या घरात मुलं शाळेत जाऊन बघता बघता इंग्रजी बोलायला लागतात. आई नाहीतर आजी मात्र दुकानाच्या काउंटरवर गप्प उभी. क्लासची वेळ जमत नाही. आम्ही न्यू जर्सीत असं केलं:

१. गावच्या सार्वजनिक वाचनालयाचं कार्ड काढा. पत्त्याचा पुरावा लागतो, पैसे नाहीत.

२. लहान मुलांच्या विभागातून चित्रांची पुस्तकं आणा. बहुतेक ३२ पानांची असतात, जेवणानंतर एक सहज होतं. राजाराणी नको, दुकान, दवाखाना, बस असले विषय बघा, आणि पात्रं एकमेकांशी बोलतात अशी पुस्तकं निवडा. बोलायची वाक्यं तिथेच सापडतात.

३. आधी मूल मोठ्यानं वाचेल, मग तेच पान आजी. शब्द अडला तर चित्रावर बोट ठेवायचं, मोबाइल काढायचा नाही. गोष्टीवरच्या गप्पा खुशाल मराठीत.

४. तेच पुस्तक आठवडाभर. (मुलं कंटाळत नाहीत, आपणच कंटाळतो.)

५. रोज एक वाक्य पुस्तकाबाहेर काढा. आमच्या सासूबाई आठवडाभर आमटी वाढून घेताना नातवाला ‘कॅन आय हॅव सम मोअर, प्लीज?’ म्हणत होत्या. पुढच्या शनिवारी बेकरीत तेच वाक्य न अडखळता आलं.

यमकांची गमतीदार पुस्तकं मात्र सुरुवातीला टाळा. त्यातले बरेच शब्द लेखकानं मनानं बनवलेले असतात. सासूबाई असाच एक शब्द अर्धा तास डिक्शनरीत शोधत बसल्या होत्या.