कंटाळा आलाय? सिनेमा शोधण्याआधी कंटाळा ओळखा

‘कंटाळा आलाय, एखादा मस्त सिनेमा सुचव ना’ असा निरोप मला वरचेवर येतो. पूर्वी मी लगेच तीन-चार नावं पाठवून द्यायचे. दुसऱ्या दिवशी विचारलं की उत्तर यायचं, ‘अर्धा बघून बंद केला.’ सिनेमे चांगलेच होते, पण त्या संध्याकाळसाठी ते नव्हते. म्हणून आता मी आधी एक प्रश्न विचारते आणि उत्तर ऐकून मगच नाव सांगते. तो प्रश्न तुम्हाला स्वतःलाही विचारता येतो.

‘मरण्यापूर्वी पाहायलाच हवेत असे १०० सिनेमे’ छापाच्या याद्या मात्र कंटाळलेल्या माणसाच्या हातात कुणी देऊ नयेत. सिनेमाचा अभ्यास करायचा असेल त्याला त्या उपयोगी पडतात. सोफ्यावर लोळत पडलेल्या माणसाला त्यातून फक्त दडपण येतं.

तयारी

हातात किती वेळ आहे ते बघा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, सोबत कुणी असेल तर आजची निवड कोण करणार ते आधीच ठरवा. झालं.

कंटाळा कोणता आहे?

सगळी मेख इथे आहे. मला स्वतःला हे कळायला कित्येक वर्षं लागली, म्हणून या टप्प्यावर जरा जास्त बोलते.

आपण ‘कंटाळा’ हा एकच शब्द तीन निरनिराळ्या अवस्थांना वापरतो. दिवसभर डोकं पिळून निघाल्यावर येतो तो थकव्याचा कंटाळा. अंगात ताकद आहे पण तिला वाट मिळत नाही, पाय हलत राहतात, दर दोन मिनिटांनी हात फोनकडे जातो, तो चुळबुळीचा. तिसरा ‘तेच ते’चा: थकवा नाही, अस्वस्थपणाही नाही, पण रोजचे चेहरे, रोजचा रस्ता, रोजच्या गप्पा यांचा वीट आलेला असतो.

वरवर तिन्ही सारखेच दिसतात. माणूस जांभया देत स्क्रीनसमोर बसलेला असतो. तेव्हा स्वतःला एवढंच विचारा: आत्ता कुणी येऊन म्हणालं, ‘चल, बाहेर पडू,’ तर तोंडून पहिला शब्द कोणता येईल? ‘नको’ आला तर तुम्ही थकलेले आहात. ‘चल’ आला तर चुळबुळ आहे. आणि ‘कुठे?’ आला तर तुम्हाला काहीतरी नवं हवंय. पहिला शब्दच धरा. विचार करून दिलेलं उत्तर बहुतेक वेळा खोटं निघतं, कारण थकलोय हे कबूल करायला आपल्याला आवडत नाही.

माझी चूक नेमकी तीच होती. काम संपवून बसले की मला वाटायचं, काहीतरी जबरदस्त, श्वास रोखायला लावणारं बघितलं पाहिजे. मग गुंतागुंतीचा रहस्यपट लावायचा, चाळिसाव्या मिनिटाला डोळे मिटायचे, जाग यायची तेव्हा पडद्यावर श्रेयनामावली सरकत असायची. खुनी कोण हे कळलेलं नसायचं आणि झोपही धड झालेली नसायची. असं एकदा नाही, महिनोन्‌महिने चाललं.

यामागे कारण आहे. जेनिंग्ज ब्रायंट आणि डॉल्फ झिलमन या अभ्यासकांनी १९८४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही जणांना मुद्दाम कंटाळवाण्या कामाला लावलं, काहींना ताण येईल अशा कामाला, आणि नंतर टीव्हीवर हवं ते बघायची मोकळीक दिली. कंटाळलेली माणसं मोठ्या प्रमाणात उत्तेजक कार्यक्रमांकडे वळली. म्हणजे कंटाळा आला की हात थराराकडे जाणं स्वाभाविक आहे. चुळबुळीच्या कंटाळ्यात हा हात बरोबर जागी जातो. थकव्याला आपण कंटाळा समजून बसलो की तोच हात फसवतो.

आता उत्तरावरून निवड.

‘नको’ आलं असेल तर ओळखीचं बघा. पूर्वी पाहिलेला विनोदी सिनेमा पुन्हा लावण्यात कसलाही कमीपणा नाही. १९८८ चा ‘अशी ही बनवाबनवी’ लोक वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा बघतात, संवाद नटाच्या आधी म्हणतात आणि तरी हसतात. पुढे काय होणार हे ठाऊक असल्यामुळे डोक्यावर भार येत नाही, आणि थकलेल्या माणसाला हवं असतं तेच. नवाच बघायचा असेल तर लांबी शंभर मिनिटांच्या आत ठेवा. १९९५ चा ‘टॉय स्टोरी’ पूर्णपणे संगणकावर साकारलेला पहिला पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट, आणि तो अवघ्या ८१ मिनिटांत संपतो. लहान मुलांचा म्हणून सोडून देऊ नका. थकलेले असताना सबटायटल वाचावी लागतील असं काहीही लावू नका. डोळे खालच्या ओळीवर आणि मन उशीवर, अशी गत होते.

‘चल’ आलं असेल तर एकच धागा घट्ट धरून ठेवणारा सिनेमा हवा. एक माणूस, एक संकट, थोडा वेळ. स्टीव्हन स्पीलबर्गचा ‘ड्यूएल’ (१९७१) मूळचा टीव्हीसाठी केलेला. मोटारीने निघालेल्या एका साध्या माणसाच्या मागे एक अवाढव्य टँकर लागतो, आणि ट्रक चालवणाऱ्याचा चेहरा शेवटपर्यंत धड दिसत नाही. उपकथानक नाही, प्रेमप्रकरण नाही. चुळबुळणारे पाय दहाव्या मिनिटाला थांबलेले असतात.

हाणामारी किंवा पाठलाग असलाच पाहिजे असंही नाही. सिडनी ल्युमेटचा ‘१२ अँग्री मेन’ (१९५७) ९६ मिनिटांचा आहे आणि जवळजवळ सगळा एकाच खोलीत घडतो. बारा ज्युरी सदस्य, एका मुलाच्या जिवाचा प्रश्न, बाहेर उकाडा. पुढच्या वेळी बघाल तेव्हा कॅमेऱ्याची उंची बघा. सुरुवातीला तो माणसांच्या डोळ्यांच्या वर आहे, मग डोळ्यांच्या पातळीवर येतो, आणि शेवटच्या भागात खालून वर बघतो, त्यामुळे छत दिसायला लागतं. लेन्सही बदलत जातात, भिंती जवळ आल्यासारख्या वाटतात. खोली आवळत चाललीय हे प्रेक्षकाला अंगावर जाणवतं, कारण मात्र कळत नाही.

चुळबुळ असताना संथ सिनेमा लावायचा नाही, यावर मी ठाम आहे. एक नावाजलेला संथ सिनेमा मी अशा संध्याकाळी तीनदा सुरू करून तीनदा सोडला आणि आपल्याला तो आवडत नाही असं धरून चालले. पुढे एका निवांत सकाळी तोच लावला आणि जागची हलले नाही. चुकीच्या वेळी लावून चांगला सिनेमा आपण कायमचा गमावून बसतो. ते नुकसान वाया गेलेल्या संध्याकाळीपेक्षा मोठं आहे.

‘कुठे?’ आलं असेल तर जिथे आजवर गेला नाहीत तिथे जा: वेगळी भाषा, वेगळा देश, वेगळा काळ. मी अशा वेळी मूकपट सुचवते आणि समोरचा हमखास नाक मुरडतो. बस्टर कीटनचा ‘द जनरल’ (१९२६) बघा, सव्वा तासाच्या आसपासचा आहे. त्यात कीटन चालत्या इंजिनाच्या पुढच्या जाळीवर बसलाय, मांडीवर रुळाखालचा जाडजूड लाकडी स्लीपर. पुढे रुळावर दुसरा स्लीपर आडवा पडलेला, इंजिन त्यावर चढलं की संपलं. कीटन हातातला स्लीपर उचलून नेमका दुसऱ्याच्या टोकावर आदळतो आणि दोन्ही उडून बाजूला पडतात. इंजिन खरं, माणूस खरा. एक शब्दही न बोलता श्वास अडकतो. प्रताधिकार संपल्यामुळे हा सिनेमा इंटरनेटवर कायदेशीरपणे फुकट मिळतो.

आकड्यांचं काय?

समीक्षकांची मतं एकत्र करणाऱ्या ‘रॉटन टोमॅटोज’ या संकेतस्थळावरचे टक्के म्हणजे गुण नव्हेत. ९५ टक्के याचा अर्थ शंभरातल्या ९५ समीक्षकांचं मत एकंदर अनुकूल आहे, एवढाच. सगळ्यांना ‘बरा आहे’ इतपतच वाटलेला सिनेमाही तिथे शंभर टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. त्यापेक्षा एक नाराज परीक्षण वाचा, पण त्यातली तक्रार नीट बघा. ‘कथा अगदी सरधोपट आहे’ अशी तक्रार असेल आणि तुम्ही ‘नको’वाले असाल, तर सिनेमा तुमचाच. ‘वेग फार, जरा उसंत देत नाही’ असं लिहिलं असेल तर तो ‘चल’वाल्यांसाठी बाजूला ठेवा. समीक्षकाला खटकलेली गोष्ट तुमच्या आजच्या संध्याकाळला नेमकी हवी असू शकते.

यादी कंटाळा नसताना करा

फोनमध्ये ‘नको’, ‘चल’, ‘कुठे’ अशा तीन मथळ्यांखाली प्रत्येकी पाच नावं, जास्त नाहीत. कुणी सिनेमाची मनापासून तारीफ केली की त्याच क्षणी नाव योग्य मथळ्याखाली टाका. कंटाळलेले असताना ओटीटीची पोस्टरं सरकवत बसू नका. झलका आपोआप सुरू होतात, प्रत्येक झलक जरा बरी वाटते, प्रत्येकीनंतर ‘अजून एक बघू’ होतं, आणि तासभर गेल्यावर सिनेमा बघायचा उत्साहच संपतो.

वीस मिनिटं

वीस मिनिटांत पकड आली नाही तर बंद करा आणि त्याच मथळ्यातलं दुसरं नाव लावा. बदल एकदाच. दुसराही जमला नाही तर बहुधा उत्तर चुकलंय, प्रश्न पुन्हा विचारा. आणि ‘चल’ दुसऱ्यांदा जोरात आलं, तर टीव्ही बंद करून खरोखर बाहेर पडा.

सिनेमा संपला की यादीतल्या त्याच्या नावापुढे एक शब्द लिहून ठेवा: ‘लागला’ किंवा ‘नाही’. माझ्या ‘नको’ खालच्या पाच नावांपैकी दोन आता ‘चल’ खाली गेली आहेत, आणि तो तीनदा सोडलेला संथ सिनेमा ‘कुठे’ खाली सगळ्यात वर आहे.